दाजीपूर ते नृसिंहवाडी : नदीतल्या दगडांवरचं शेवाळ (प्रकल्प नोंदी)

19 ऑक्टोबर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या भोगावती-पंचगंगेवरची ठिकाणं ठरली. वरून खाली : दाजीपूरच्या जंगलातला सावलीतला ओढा, राधानगरी धरणाखालचा खडकाळ भाग, राशिवडे बंधारा, हळदी, प्रयाग चिखली, शिंगणापूर, पंचगंगा घाट, राजाराम बंधारा, तेरवाड आणि शेवटी नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम. अभयारण्यात काम करायला वन विभागाची परवानगी लागते, ती हातात आली आहे. सुरुवात तिथूनच.

सोबतीला एम.एस्सी.चे दोन विद्यार्थी, एक मुलगी, एक मुलगा. दोघांनीही पुस्तकातली आकृती पाठ केलेली. उगमापाशी झाडांची सावली, म्हणून शेवाळ थोडं. मधल्या टप्प्यात नदी रुंद होते, ऊन तळापर्यंत पोचतं, दगडांवर शेवाळ सर्वांत जास्त. खाली पाणी खोल आणि गढूळ, तिथे तरंगणाऱ्या शैवालांचं राज्य. ही मांडणी 1980 ची, व्हॅनोट आणि सहकाऱ्यांची, उत्तर अमेरिकेतल्या नद्या बघून केलेली. तिकडे वर्षाचा हिशेब पानगळीवर आणि बर्फ वितळण्यावर चालतो. आमच्याकडे चार महिने पाऊस ठरवतो आणि उरलेले आठ महिने बंधारे. आकृती भोगावती-पंचगंगेवर बसते का, एवढंच बघायचं आहे. मला वाटतं, नाही बसत. पण वाटण्यावर अहवाल लिहिता येत नाही.

पद्धत साधी. वाहत्या पाण्यातले पाच दगड उचलायचे, वरची बाजू टूथब्रशने घासायची, ते पाणी ट्रेमधून बाटलीत भरायचं, त्यात थोडं आयोडीनचं द्रावण. दगड आणि टूथब्रश ही जगभरची रीत आहे. ब्रश दर ठिकाणी नवा, कारण जुन्याच्या केसांत मागच्या ठिकाणचे डायटम (डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शैवालं) अडकून बसतात. एवढे ब्रश एकदम मागितल्यावर दुकानदाराने आश्रमशाळा का म्हणून विचारलं.

26 ऑक्टोबर, दाजीपूर

ओढ्यावर छत धरल्यासारखी झाडी. दुपारी बारालाही पाण्यावर उन्हाचे फक्त कवडसे. पाणी गार, तळातला खडा न् खडा दिसतो.

दगड हाताला जवळजवळ स्वच्छ लागतात. मुलाचा चेहरा पडला, इतक्या लांब येऊन घासायला काहीच नाही म्हणून. पण एका लहानशा धबधब्याखाली, जिथे पाणी जोराने आपटतं तिथे, खडकाला चिकटलेले बोटभर लांबीचे हिरवट-निळे, बुळबुळीत गोंडे सापडले. भिंगाखाली धरल्यावर बारीक मण्यांची माळ. बॅट्राकोस्पर्मम. रंगाने हिरवट असलं तरी हे लाल शैवाल आहे. लाल शैवालं बहुतेक समुद्रात राहतात. गोड्या पाण्यात आलेल्या थोड्यांपैकी हे एक, आणि त्याला लागतं ते असंच : सावली, थंडावा, सतत वाहतं स्वच्छ पाणी. कमी उजेडात जगायची सोय त्याच्या रंगद्रव्यांतच आहे. भरपूर ऊन मिळालं की हिरवी शैवालं त्याला मागे टाकतात.

वाटेवरच्या झाडांच्या सालीवर नारिंगी मखमल. ट्रेंटेपोलिया. हे जातीने हिरवं शैवाल आणि दिसायला गंज. आमच्या यादीत नाही, कारण पाण्यात नाही. तरी फोटो काढला.

परतताना गवा दिसला. लांबून.

30 ऑक्टोबर

प्रयोगशाळा. डायटमचे नमुने हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तापवले. आतलं सगळं जळून जातं, उरते ती काचेसारखी सिलिकाची डबी, झाकण आणि तळ अशा दोन भागांची. मराठी विश्वकोशात त्यांना करंडक वनस्पती म्हटलं आहे. ओळख पटवायची ती या डबीवरच्या रेघांवरून. दर काचेवर किमान 400 झापा (डबीचे सुटे अर्धे भाग) मोजायच्या. मुलीने पहिल्याच दिवशी मान धरल्याची तक्रार केली.

दाजीपूरच्या काचेवर युनोशिया बऱ्यापैकी. क्षार कमी असलेल्या, किंचित आम्ल पाण्यात हा भेटतो. वर सडे जांभ्याचे, पाऊस धो धो, पाण्यात क्षार उरतील कुठून. बाकी अ‍ॅकनॅन्थिडियम आणि गोम्फोनेमा.

9 नोव्हेंबर, राशिवडे बंधारा

बर्गे बसले आहेत. दगडी खांबांच्या खाचांत फळ्या अडकवून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी त्या काढायच्या आणि पावसाळा सरला की परत घालायच्या, हा आमच्या जिल्ह्याचा जुना शिरस्ता. पावसाळ्यात ही नदी असते. बर्गे बसले की लांबलचक तळ्यांची साखळी होते.

बंधाऱ्यावर बसलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने थोडा वेळ बघून घेतलं, मग विचारलं, "काय घासायलाय बाई दगडावर?"

"शेवाळ, मामा. कुठं कुठलं येतं ते बघतोय."

"त्यात काय बघायचं? बर्गं घातलं की आठ-धा दिसांत वरच्या अंगाचा दगूड निसरडा हुतोय. मग गाळ बसतोय. मग त्यो गाळच शेवाळतोय. खालच्या अंगाला बघा, लांब लांब केसागत वाढलेलं असतंय."

मी हे शब्दशः लिहून ठेवलं. आमच्या प्रकल्पाचा आराखडाच आहे हा.

कौलांचे तुकडे टाकले आहेत, इथे आणि दाजीपूरला. मंगलोरी कौल भाजलेल्या मातीचं, खरखरीत आणि सगळीकडे सारखं. दगडाचं वय कळत नाही, कौलाचं कळतं.

23 नोव्हेंबर, राशिवडे

मामांचं बरोबर आहे. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला दगडांवर तपकिरी गाळाचा थर. त्या गाळात सरपटणारे डायटम : सुरिरेला, जायरोसिग्मा, लांबट नित्झिया. गाळाखाली गाडलं गेलं तरी हे सरकत वर येतात. चिकटून राहणाऱ्यांना ते जमत नाही. खालच्या बाजूला फटींतून पाण्याच्या धारा सुटलेल्या, दगड धुतलेले, त्यांवर क्लॅडोफोराचे हातभर झुबके. हाताला सुतळीसारखे खरखरीत, फांद्या फुटलेले. त्या धाग्यांवर कोकोनिस नावाचे चपटे डायटम इतके दाट की धागा तपकिरी दिसतो. शेवाळावर शेवाळ.

वरचं पाणी आणि खालचं पाणी यांत अंतर किती, तर बंधाऱ्याच्या जाडीएवढं. पुस्तकातल्या आकृतीत हे दोन टप्पे शेकडो किलोमीटर लांब असतात. इथे एका खांबाच्या अलीकडे-पलीकडे. धरण नदीचा हा क्रम मोडतं आणि पुन्हा वरून सुरू करतं, ही कल्पना वॉर्ड आणि स्टॅनफर्ड यांनी 1983 मध्ये मांडली होती. त्यांच्यासमोर मोठी धरणं होती. आमच्याकडे राधानगरीखाली तोच प्रकार बंधाऱ्यामागून बंधाऱ्याला घडतो : राशिवडे, हळदी, सरकारी कोगे, खडक कोगे, मग पंचगंगेवर शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ.

मुलाने विचारलं, "मॅडम, मग आपला आलेख सरळ रेषेत येणारच नाही?" येणार नाही. करवतीच्या दात्यांसारखा येईल.

7 डिसेंबर, दाजीपूर

आज सगळ्यात समाधान देणारा निकाल. इथे कौलांचे तीन प्रकार ठेवले होते. एक उघडं. एक चारी बाजूंनी जाळीत बंद. एक असं, की वर जाळी पण बाजू मोकळ्या. हा तिसरा प्रकार महत्त्वाचा, कारण जाळीमुळे उजेड आणि प्रवाह दोन्ही थोडे कमी होतात. फरक त्यामुळे पडला असं कुणी म्हटलं तर उत्तर तयार हवं.

उघडं कौल स्वच्छ. वर जाळी, बाजू मोकळ्या, तेही जवळपास स्वच्छ. बंद जाळीतलं कौल मात्र हिरवट-तपकिरी सायीने भरलेलं. म्हणजे सावलीत शेवाळ उगवत नाही हे अर्धंच खरं. उगवतं, पण खाल्लं जातं. खाणारे समोरच आहेत : दगडाला तोंड लावून फिरणारे मळ्या मासे, गोगलगायी, माशीवर्गातल्या कीटकांच्या अळ्या. ओल्या उभ्या कातळावर बेडकांची काही पिल्लं तर पाण्याबाहेरच पातळ ओलीत सरकत खरवडत असतात. प्वेर्तो रिकोच्या डोंगरी ओढ्यांत हे काम कोळंबी करतात, दगडांवर गाळसुद्धा टिकू देत नाहीत. थंड प्रदेशात हिवाळ्यात खाणाऱ्यांची भूक मंदावते. इथे पाणी गार असलं तरी तेवढं थंड कधीच होत नाही, तोंडं बाराही महिने चालू.

दगडावर शेवाळ किती दिसतं आणि किती तयार होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या मोजणीत फक्त पहिली येते. अहवालात हे ठळक लिहायचं.

21 डिसेंबर

दिवसभर सूक्ष्मदर्शक आणि जुने कागद. एच. पी. गांधी यांनी 1957 ते 1959 या काळात राधानगरी, कोल्हापूर आणि पन्हाळा इथल्या डायटमांवर लेख लिहिले आणि नव्या जाती नोंदवल्या. हाताने काढलेल्या त्यांच्या आकृत्या अजून उपयोगी पडतात. आमच्या दाजीपूरच्या काचेवरचा एक गोम्फोनेमा युरोपातल्या ओळखपुस्तिकेत कुठेच बसेना, गांधींच्या आकृतीशी मात्र रेघांची ठेवण जुळते. पक्कं करायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा, त्यासाठी विद्यापीठात नंबर लावला आहे.

युरोपीय नावं सह्याद्रीतल्या जातींवर चिकटवायची सवय फार जुनी आहे. नाव चुकलं की त्या नावासोबत येणारी माहितीही चुकते. अमुक जात स्वच्छ पाण्यातली, तमुक घाण पाण्यातली, हे सगळं तिकडच्या नद्यांवरून ठरलेलं.

11 जानेवारी, प्रयाग चिखली ते राजाराम बंधारा

प्रयागला भोगावती येऊन मिळते आणि पुढे नाव पंचगंगा. इथवर पाणी अजून बरं. शिंगणापूरलाही ठीक. घाटावर दगड पायऱ्यांचेच, कपडे धुण्याच्या जागा सोडून घासले. तिथे साबणाचा फेस आणि त्यात स्टिजिओक्लोनियमचे मऊ हिरवे पुंजके.

कोल्हापूर शहराचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी जिथे नदीला भिडतं त्याच्या खाली चित्र पार बदललं. दगडांवर काळपट-निळी, चामड्यासारखी साय, सोलली तर पापुद्रा निघतो. ऑसिलेटोरिया आणि तिची भावंडं. काचेवर नित्झिया पालिया एवढा की मुलीने मोजता मोजता दुसरं काही दिसलं की ओरडून सांगायला सुरुवात केली. सेंद्रिय घाण, अमोनिया, कमी प्राणवायू, या सगळ्यात तो तग धरतो. उपनद्या आणि नाले कुठे मिळतात याचा नकाशा नसता, तरी या काचांवरून काढता आला असता.

पामरचा निर्देशांक (1969) काढून बघितला, कारण परीक्षक विचारतील. तो प्रजातीला (जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या अख्ख्या गटाला) गुण देतो : युग्लिना 5, ऑसिलेटोरिया 5, सीनडेस्मस 4, नॅव्हिक्युला 3, नित्झिया 3 वगैरे. बेरीज 20 किंवा जास्त म्हणजे सेंद्रिय प्रदूषण भरपूर. नाल्याखालचा नमुना सहज पास, म्हणजे नापास. पण दाजीपूरच्या ओढ्यालाही 10 मिळतात : नॅव्हिक्युला 3, नित्झिया 3, सिनेड्रा 2, गोम्फोनेमा 1, क्लोस्टेरियम 1. वस्तीचा मागमूस नसलेल्या पाण्याला. एका नित्झियाच्या पोटात शेकडो जाती. काही गटारात रमतात, काही झऱ्यात. आडनावावरून माणूस कसा आहे ते ठरवण्याचा प्रकार. जातीपर्यंत ओळख न करता निर्देशांक काढणं सोपं आहे म्हणून ते चालतं.

8 फेब्रुवारी, राशिवडे

राधानगरीतून शेतीसाठी पाणी सुटलं आहे. खालच्या बाजूचे क्लॅडोफोराचे झुबके मुळासकट नाहीत, पण शेंडे तुटून वाहून गेलेले. दगडावर उरलाय बुंध्याचा खरखरीत थर आणि त्यात दडलेले कोकोनिस. नव्याने उघड्या पडलेल्या जागी अ‍ॅकनॅन्थिडियम हजर. हा छोटा, चिवट डायटम कुठलाही दगड पुसला गेला की आधी येतो. मग देठ असलेले गोम्फोनेमा, मग धागे. ऐन कोरड्या महिन्यांत, आभाळ निरभ्र असताना, नदीला पूर आल्यासारखं होतं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. हे घड्याळ पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकावर चालतं.

वरच्या बाजूचा गाळ जागचा हलला नाही.

15 मार्च, तेरवाड

वास लांबूनच. बंधाऱ्याच्या वर काठापासून काठापर्यंत केंदाळ (जलपर्णी). जांभळी फुलं आलेली, लांबून छान दिसतं. केंदाळाखाली हात घातला तर अंधार. तिथल्या दगडांवर शैवाल नावालाही नाही, नुसता काळा, घाण वासाचा गाळ. दाजीपूरला झाडांची सावली आणि इथे केंदाळाची. तिथे लाल शैवाल, इथे काही नाही. फरक प्राणवायूचा आणि प्रवाहाचा.

केंदाळ जिथे काढलेलं होतं त्या मोकळ्या पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखा थर. मायक्रोसिस्टिस. हे नीलहरित शैवाल यकृताला घातक विष तयार करू शकतं आणि पाणी उकळून ते विष जात नाही. म्हशी पाण्यात घालायला आलेल्या एकाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग कुठं न्यायच्या?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला मोकळ्या, वाहत्या धारेकडची बाजू दाखवली, तीही फार बरी नव्हती.

29 मार्च, नृसिंहवाडी

संगमाच्या पायऱ्यांवरून दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी वाहताना दिसतं. पाच दगडांची रीत इथे अर्धीच चालते, कारण शैवाल पाण्यात तरंगतं. जाळीने गाळून घेतलं : ऑलॅकोसायराच्या साखळ्या, उष्ण प्रदेशातल्या मोठ्या नद्यांत आणि जलाशयांत नेहमी सापडणाऱ्या. जड सिलिकाची डबी, पाणी हललं तरच ती वर राहते. सोबत सीनडेस्मस, पेडिअ‍ॅस्ट्रम. पुस्तकातल्या 'खालच्या टप्प्याचं' वर्णन पहिल्यांदा नीट जुळलं. पण अशीच साखळी आम्हाला राधानगरी धरणाच्या लगेच खालीही मिळाली होती, कारण जलाशयातून वाहून आलेली. नमुना एकट्याने बघितला तर मी तो वाडीचाच म्हटला असता.

22 एप्रिल, दाजीपूर

ओढा थांबलाय. डोहांत पाणी, मधले खडक कोरडे. बॅट्राकोस्पर्ममचा पत्ता नाही. त्याची एक बारीक, ठिपक्यासारखी अवस्था असते, ती खडकाच्या भेगांत राहून पुढच्या पाण्याची वाट बघते. डोहात स्पायरोगायराचे ढग. काचेवर दोन धागे शिडीसारखे जोडलेले आणि आत गोल बीजाणू दिसले. कोरड पडणार याची तयारी.

कोरड्या खडकावरची भुरकट पापुद्र्याची खरवड डबीत आणली आहे.

6 मे

वळीव झाला. डबीतल्या खरवडीत डिस्टिल्ड पाणी घालून खिडकीत ठेवली होती. हिरवी झाली. आधी नीलहरित धागे, त्यांच्या मागून डायटम. नदी पेरायला दरवेळी वरून कुणी यावं लागत नाही, बरंचसं बियाणं जागेवरच असतं.

14 जून

बर्गे काढायला सुरुवात. साठलेला गाळ एकदम सुटला, राशिवड्याखाली पाणी चहाच्या रंगाचं. वरच्या बाजूचे दगड कित्येक महिन्यांनी उघडे पडले. त्यांवर काही नाही. खालच्या बाजूच्याही नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसण्याची वर्षातली ही एकच वेळ.

12 जुलै

मोठ्या नदीवर काम बंद. राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. पुरात गडगडणारे दगड एकमेकांना घासतात आणि गढुळामुळे उजेड तळापर्यंत जात नाही. या दोन महिन्यांत दगडी तळ जवळपास नांगरलेला असतो. शैवाल टिकतं ते बाजूच्या छोट्या ओढ्यांत, खडकाच्या आडोशाला आणि शेतांत पसरलेल्या उथळ पाण्यात. ऊसशेतातल्या साचलेल्या पाण्याचा नमुना विद्यार्थ्याने स्वतःहून आणला : युग्लिना, पेडिअ‍ॅस्ट्रम, भरपूर डेस्मिड. पूर ओसरला की यातलं बरंच नदीत परत जाणार.

27 जुलै

आलेख दोन पद्धतींनी काढला. पहिल्यात आडव्या अक्षावर उगमापासूनचं अंतर. ठिपके विखुरलेले, मधल्या टप्प्याचा फुगवटा नाहीच. दुसऱ्यात आडव्या अक्षावर दगड शेवटचा धुतला जाऊन झालेले दिवस, मग तो पुराने धुतला असो की आवर्तनाने, आणि ठिपक्यांना दोन रंग : बंधाऱ्याच्या वरचे आणि खालचे. दाजीपूर आणि जयंती नाल्याखालचं ठिकाण सोडलं, तर ठिपके नीट दोन ओळींत उभे राहतात. दाजीपूर बाहेर पडतं ते खाणाऱ्यांमुळे, नाल्याखालचं सांडपाण्यामुळे. नाल्याखाली दगड कितीही वेळा धुतला जावो, तीच साय परत येते.

मुलीचं म्हणणं, अंतराचा आलेख अहवालातून काढून टाकू. मी ठेवायला सांगितला. लोक तोच शोधत येणार, तेव्हा तो का बसत नाही हे तिथेच दिसायला हवं.

पुढच्या हंगामासाठी : बर्गे घालण्याची तारीख पाटबंधारे कार्यालयाकडून आधीच घ्यायची आणि त्याच दिवशी कौलं टाकायची, वर आणि खाली सारखी. बंद जाळीचा प्रयोग राशिवड्यालाही, कारण तिथे मळ्या कमी आणि गोगलगायी जास्त. कासारी नदीवरचं एखादं ठिकाण तुलनेला जोडायचं. टूथब्रश घाऊक बाजारातून.